बिनपानथरीचे उंदीर

कांता मॅडम माणसाशी बोलण्याआधी त्याच्या कपाळाला हात लावायच्या. नमस्कार, चौकशी, सगळं नंतर. उल्हासनगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला मी रुजू झाले त्या सकाळी विभागाच्या दारात एक उंच, किडकिडीत बाई समोरून तरातरा आली. माझ्या हातातलं नेमणुकीचं पत्र घेण्याऐवजी तिनं उलटा पंजा माझ्या कपाळावर टेकवला आणि विचारलं, "ताप नाही ना? चेहरा लाल झाली आहे तुझी." मी बदलापूरहून धावतपळत आले होते. तसं सांगितलं. "मग ठीक. चल, उभी काय राहिली," म्हणत त्या वळल्या आणि चालायलाही लागल्या. कुठे जायचंय ते सांगितलं नाही. मी मागून गेले.

पुढची काही वर्षं मी अशीच त्यांच्या मागून चालत होते. त्यांचं पूर्ण नाव कांता रोहरा. वय तेव्हा चाळिशीच्या आसपास. लग्न केलं नव्हतं. आई आणि धाकटा भाऊ यांच्यासोबत कॅम्प चारमधल्या जुन्या बराकीत राहायच्या. फाळणीनंतर वडील सिंधमधून आले ते त्याच बराकीत उतरले होते. पुढे भिंती, माळा, ग्रिल असं करत करत तिचं घर झालं. मराठी त्या गल्लीत आणि विद्यार्थ्यांकडून शिकल्या होत्या. बोलायच्या भराभर, फक्त पुल्लिंग-स्त्रीलिंगाची अदलाबदल व्हायची. मुलं हसायची. "हसून घ्या," त्या म्हणायच्या, "पण पेपरात असं लिहू नका, तिथे मी तपासायला बसलेली असते."

बसलेली हे म्हणायचं म्हणून. त्यांना खुर्चीत बसलेलं फारसं कोणी पाहिलं नव्हतं. त्यांच्या खुर्चीवर जर्नलांचा ढीग असायचा, आणि ढीग उचलला की दुसऱ्या दिवशी नवा. चहा उभ्याने प्यायच्या, तोही अर्धा. उरलेला अर्धा कप कुठल्या तरी खिडकीत, फ्रिजवर, हजेरीपटाशेजारी सापडायचा. डब्यातली कोकी, म्हणजे कांदा घातलेली सिंधी जाड पोळी, हातात गुंडाळून चालता चालता खायच्या. लेक्चरचं पहिलं वाक्य कॉरिडॉरमध्येच सुरू व्हायचं, वर्गात पोचेपर्यंत दुसरं-तिसरं झालेलं असायचं. रिक्षात एक पाय ठेवला की "चलो भैया", दुसरा पाय अजून रस्त्यावर.

त्यांच्याबरोबर अर्धा तास काढला की आपल्यालाही उगाच काहीतरी राहिलंय असं वाटायला लागायचं. गॅस बंद केला का, दाराला कुलूप लावलं का, असं. मी घरी आईला म्हटलं, "एक बाई आहे, तिच्याजवळ उभं राहिलं तरी छातीत धडधडतं." आई म्हणाली, "तिच्या छातीत किती धडधडत असेल मग."

कॉलेजच्या इमारतीमागे पूर्वी सायकली लावायची शेड होती. ती बंद करून तिथे उंदरांची खोली केली होती. पांढरे, लाल डोळ्यांचे उंदीर, ओळीने पिंजरे, भुशाचा आणि लघवीचा वास. खोलीचं काम बघायला पांडूमामा होते, अंबरनाथजवळच्या गावातले, मूळचे शेतकरी. मॅडम पीएचडीचं काम तिथे करत होत्या. बरीच वर्षं चाललं होतं ते.

पहिल्या दिवशी त्यांनी मला तिथेच नेलं. एक उंदीर शेपटीजवळून उचलून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "याची पानथरी काढली आहे मी. बघ, दिसतो का काही फरक?"

उंदीर मिशा हलवत होता. बाकीच्यांसारखाच. मी नाही म्हटलं.

"नाहीच दिसणार. खातो, पळतो, वजन वाढतं. सगळ्यांना वाटतं एकदम मस्त आहे. पण आत चौकीदार नाही." त्यांनी उंदीर परत घेतला. "रक्तात काही घुसलं की पहिला बोंब कोण मारणार?"

प्लीहा, म्हणजे आपण घरात जिला पानथरी म्हणतो, ती काढली तर शरीराची रोगाशी लढायची ताकद किती कमी होते, आणि त्यात काही औषधं दिली तर ती आणखी कमी होते की सावरते, हे त्या बघत होत्या. काही उंदरांची पानथरी काढायची. काहींचं नुसतं पोट उघडून परत शिवायचं, म्हणजे ऑपरेशनचा परिणाम कुठला आणि पानथरीचा कुठला ते वेगळं कळतं. मग काहींना स्टिरॉइड द्यायचं, काहींना ताकद वाढवणारं औषध, काहींना काहीच नाही. नंतर सगळ्यांना मेंढीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी टोचायच्या. त्यांनी उंदराला आजार होत नाही, पण शरीर त्यांना परकं समजतं आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. ठरलेल्या दिवशी उंदराचं थोडं रक्त घेऊन ती किती झाली ते मोजायचं. दिवस चुकला तर प्रयोग गेला, कारण ती चढतात आणि उतरतात.

मेंढीचं रक्त अंबरनाथच्या खाटकाकडून यायचं. मॅडम स्वतः शाकाहारी. तरी सकाळी दुकानाच्या फळीशी उभ्या राहून, अर्धं तोंड ओढणीने झाकून, त्या खाटकाला सूचना द्यायच्या, "चाचा, पहला धार मत देना, बीचवाला देना, और बोतल हिलाते रहना, नहीं तो जम जाएगा." बाटलीत रक्त गोठू न देणारं द्रावण त्या घरून घालून आणायच्या. मग ती बाटली थर्मासात बर्फावर, आणि थर्मास छातीशी धरून रिक्षा.

एकदा त्यांनी तो थर्मास स्टाफरूममध्ये ठेवला आणि कुणाला तरी शोधायला गेल्या. अर्थशास्त्राचे एक सर चहाच्या शोधात होते. त्यांनी झाकण उघडलं, बर्फ बाजूला केला, बाटली वर काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. मॅडम परत आल्या तेव्हा सर भिंतीला टेकून खाली बसले होते. मॅडमनी आधी बाटली फुटली नाही ना ते पाहिलं, मग सरांच्या कपाळाला हात लावला. "ताप नाही," त्यांनी जाहीर केलं आणि बाटली घेऊन गेल्या. सरांनी पुढे त्या खोलीत चहा घेतला नाही.

निकाल वाचायची पद्धत मला फार आवडायची. प्लॅस्टिकच्या ताटलीत ओळीने छोट्या वाट्या असतात. उंदराच्या रक्तातलं पाणी पातळ करत करत एकेका वाटीत घालायचं, त्यात मेंढीच्या पेशी टाकायच्या आणि थांबायचं. प्रतिपिंडं असली तर पेशी एकमेकींना धरून तळाशी चादरीसारख्या पसरतात. नसली तर घरंगळून मधोमध जमतात, कुंकवाच्या टिकलीएवढा लाल ठिपका. धडधाकट उंदराच्या ओळीत चादरीमागून चादरी दिसायच्या, टिकली फार पुढे यायची. बिनपानथरीच्या उंदराच्या ओळीत ती लवकर यायची. आणि पानथरीही नाही, वर स्टिरॉइडही दिलेलं, त्याच्या ओळीत जवळजवळ सगळ्या टिकल्याच.

"नुसतं कुंकू," मॅडम तोंडातल्या तोंडात म्हणायच्या. बोटं टेबलाच्या कडेवर वाजत राहायची.

त्या ओळीकडे त्या इतक्या वेळा का बघायच्या, हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं.

रविवारी डाळ-पकवान खायला बोलावलं होतं. दार नरेशनं उघडलं. त्यांचा धाकटा भाऊ, पंचविशीतला, बारीक अंगाचा, डोळे किंचित पिवळसर. तोंड सारखं हसरं. बाजारात त्याचं मोबाइल रिपेरिंगचं दुकान होतं. हॅण्डसेटच्या पोटातले ते राईएवढे स्क्रू तो चिमट्यानं असे उचलायचा की बघत राहावं. मी आत पाऊल टाकलं तसा म्हणाला, "आओ मॅडम, कपाळ आत्ताच चेक करून घ्या, मग आरामात बसा. आमच्या घरी टोलनाका आहे."

"नरेश, गोळी घेतलीस?" आतून आवाज.

"ले ली, अदी, ले ली." अदी म्हणजे ताई. माझ्याकडे वळून त्यानं हळूच सांगितलं, "रोज विचारते. झोपेतसुद्धा विचारते."

जेवण झाल्यावर मॅडम कुठला तरी फोन घ्यायला बाहेर गेल्या तेव्हा त्यांच्या आईनं मला सांगितलं. हिंदीत, मधेच सिंधीत, हातातला पापड मोडत. दोन्ही मुलग्यांना थॅलेसेमिया होता, फार जोराचा नाही, पण अंगात रक्त टिकायचं नाही आणि पानथरी वाढून पोट नगाऱ्यासारखं व्हायचं. आमच्या लोकांत घरोघरी आहे हे, त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी दोघांचीही पानथरी काढली. रक्त द्यायची वेळ कमी झाली, मुलं पळायला लागली, सगळ्यांना वाटलं सुटलो. मग प्रकाशला, नरेशहून मोठ्याला, एका सकाळी ताप आला. साधाच वाटला. मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. शेजारणीनं नजर काढली. संध्याकाळी तो गेला.

"कांता कॉलेजात होती तेव्हा, शिकत होती," आई म्हणाली. "मला विचारत राहिली, अमां, एका दिवसात कसा गेला? ताप तर सगळ्यांनाच येतो. मी काय सांगणार? मी म्हटलं, देवाला विचार. तिनं देवाला नाही विचारलं." मोडलेला पापड त्यांनी माझ्या ताटात ठेवला.

त्यानंतर मला मॅडमच्या हाताचं हसू येईना.

तो हात कुठेही पोचायचा. एका पावसाळ्यात उल्हास नदी फुगून बदलापूरला आमच्या मांजर्लीत शिरली. तळमजल्यावर छातीएवढं पाणी. ओसरल्यावर आम्ही चिखल उपसत होतो, तर मॅडम जिन्यात उभ्या. सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, खांद्याला गोळ्यांची पिशवी. त्यांनी आमच्या घरापासून सुरुवात केली आणि एकेका मजल्यावर जाऊन दार वाजवून माणसांची कपाळं बघितली. आमचे वरच्या मजल्यावरचे जाधवकाका निवृत्त पोलीस, त्यांच्या कपाळाला कुणी बाई हात लावेल हे त्यांना झेपेना. "या बाई कोण?" त्यांनी माझ्या वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, "आमच्या मुलीच्या कॉलेजातल्या आहेत. करू द्या त्यांना." काकांना खरंच कणकण होती. मॅडम त्यांना घेऊनच डॉक्टरकडे गेल्या, आणि काका त्यांच्या मागून पळत होते असं आमच्या बिल्डिंगमध्ये अजून सांगतात.

पुढच्या वर्षी कॉलेजातली उंदरांची खोली बंद करायचं ठरलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांचे नियम कडक झाले होते. आमच्या सायकल शेडमध्ये ते पाळणं शक्य नव्हतं. मॅडमनी त्यावर भांडण केलं नाही. "बरोबर आहे. त्यांना तरी कुठे आवडतं इथे," एवढंच म्हणाल्या. पण शेवटची तुकडी बाकी होती. पानथरी काढलेले, स्टिरॉइड दिलेले उंदीर, तीच टिकल्यांची ओळ, आणि त्यातल्या निम्म्यांना पानथरी काढायच्या आधीच मेंढीच्या पेशींची पहिली ओळख करून दिलेली. आधी ओळख असेल तर शरीर नंतर तरी लक्षात ठेवतं का? सगळा प्रबंध त्या प्रश्नापाशी येऊन थांबला होता. टर्म संपायच्या आत निकाल हवा होता.

ते आठवडे वाईट गेले. मॅडम झोपत नव्हत्या, ते डोळ्यांवरून दिसायचं. ऑपरेशननंतर उंदीर गारठू नयेत म्हणून पिंजऱ्यावर बल्ब लावायच्या, आणि बल्ब जास्त तापला म्हणून काढायच्या, परत लावायच्या. पांडूमामा म्हणाले, "मॅडम, तुमी घरी जावा. मना हाय ना लक्ष." मॅडम फाटकापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. "तो कोपऱ्यातला खात होता का?" "खातंय." "पाणी पिला?" "पिला." "पक्का?" मामा मग भुसा बदलायला घ्यायचे.

रक्त घ्यायचा दिवस उजाडला. सकाळी आम्ही नळ्या मांडल्या, बर्फ फोडला. मॅडमनी पहिल्या पिंजऱ्याची कडी काढली आणि खोलीत जोडून घेतलेला विभागाचा फोन वाजला. मी घेतला. त्यांच्या आई होत्या. नरेशला थंडी वाजतेय, ताप आहे, पण काळजी नको, गल्लीतल्या डॉक्टरांनी सुई दिली, आता घाम येऊन झोपलाय, असं त्या सांगत होत्या. मी रिसीव्हर मॅडमकडे दिला.

"कसली सुई, अमां?" त्यांनी विचारलं. पलीकडून काहीतरी उत्तर आलं. "गोळ्या घेत होता ना तो? रोजच्या, जंतू रोखायच्या?" पलीकडे शांतता असावी, कारण मॅडमनी तेच परत विचारलं. मग रिसीव्हर खाली ठेवला, पण नीट बसला नाही, लोंबकळत राहिला. कडी तशीच उघडी टाकून त्या बाहेर पडल्या. मी मामांना "पिंजरा लावा" म्हटलं आणि धावले.

त्या घरी गेल्या नाहीत, आधी दवाखान्यात गेल्या. आत एक पेशंट तपासणं चालू होतं. मॅडम पडदा सारून आत.

"नरेश रोहराला काय दिलंत सकाळी?"

डॉक्टर मध्यमवयीन, वर्षभरापूर्वीच त्या गल्लीत दवाखाना टाकलेले. "व्हायरल आहे, कांतादीदी. तापाचं दिलं, आणि फार गळल्यासारखा वाटला म्हणून थोडं स्टिरॉइड. आराम पडेल."

"त्याची पानथरी काढली आहे."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप कानातून काढला. "कधी?"

"लहानपणी. त्यानं सांगितलं नाही?"

"नाही. मी विचारलं, आधीचा काही आजार, ऑपरेशन? नाही म्हणाला तो. हसत होता."

मॅडमनी टेबलाची कड धरली होती. मला वाटलं त्या ओरडतील. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्याकडे पिंजऱ्यात बसलेत असे. मला माहीत आहे याचं काय होतं. चला."

ते उठले. पेशंटला काही न सांगता उठले. कपाटातून अँटिबायोटिकच्या बाटल्या काढून खिशात कोंबल्या आणि मॅडमच्या बरोबरीनं चालायला लागले.

नरेश जागा होता. ओठ निळसर, हात थंडगार, बोलताना शब्द अडखळत होते. पायांवर जांभळे डाग उमटायला लागले होते. "अदी," तो म्हणाला, "ते मुलगी बघायला जायचं होतं ना, म्हणून मी कुणाला सांगत नव्हतो ऑपरेशनचं." मॅडम म्हणाल्या, "बोलू नकोस." डॉक्टरांनी तिथेच, त्या पलंगावर, शिरेत औषध सोडलं. मग त्यांच्याच गाडीतून कल्याणच्या हॉस्पिटलात. पुढच्या सीटवर मी, मागे नरेशचं डोकं मॅडमच्या मांडीवर. सगळ्या वाटेत त्यांनी एकच गोष्ट केली, त्याच्या दंडावर चापट्या मारत त्याला दुकानातल्या फोनांची नावं विचारत राहिल्या. कुठल्याची बॅटरी लवकर जाते, कुठल्याचा डिस्प्ले महाग. तो उत्तरं देत होता. नंतर देईनासा झाला. त्या विचारत राहिल्या.

नरेश वाचला. बरेच दिवस आयसीयूत होता. रक्तात जंतू पसरले होते. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की पहिलं इंजेक्शन घरी पडलं नसतं तर तो जिवंत पोचलाच नसता. पण बोटांची टोकं काळी पडली होती, ती वाचली नाहीत. दोन्ही हातांची मिळून बरीच गेली. हात सोडवल्यावर पहिल्यांदा त्याच्यासमोर उघडा फोन आला तेव्हा मी तिथे होते. त्यानं चिमटा उचलायचा प्रयत्न केला, तो निसटला, पुन्हा उचलला, निसटला. मग फोन बाजूला सारून तो म्हणाला, "चलो, आता रिचार्ज विकू. बटणं दाबायला काय लागतं." मॅडम खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. खांदे हलत नव्हते, पण त्या वळल्या नाहीत.

त्या मुलीकडचं स्थळ आलं आणि गेलं.

उंदरांचा दिवस तर त्याच दिवशी गेला होता. मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात पोचले तेव्हा मामांनी सगळ्यांना खाणं-पाणी केलं होतं, पण रक्त कोण घेणार? दोन-तीन दिवसांनी घेऊन उपयोग नव्हता. टर्म संपली, उरलेले उंदीर एका मान्यताप्राप्त संस्थेकडे गेले, खोलीला कुलूप लागलं. जायच्या दिवशी मॅडम येऊन सगळे पिंजरे स्वतः ब्रशानं घासत बसल्या. रिकामे पिंजरे, भंगारात जायचे होते. मामा म्हणाले, "कशाला घासतावं? भंगारवाला काय बगनार?" त्या घासत राहिल्या.

प्रबंध राहिला. मार्गदर्शक सरांनी त्यांना बोलावून घेतलं. सर वाईट माणूस नव्हते, त्यांना मनापासून वाटत होतं की इतक्या वर्षांचं काम वाया जाऊ नये. ते म्हणाले, "कांता, आधीच्या तुकड्यांवरून अंदाज आहेच ना आपल्याला. तेवढेच आकडे येणार होते. भर आणि मोकळी हो."

मॅडम म्हणाल्या, "सर, अंदाजावर तर प्रकाश गेला आमचा. साधा ताप आहे असा अंदाज होता."

त्यांनी प्रबंध तसाच दिला. शेवटच्या तक्त्यात एका गटापुढे रिकामी जागा, खाली एक ओळ: वैयक्तिक कारणामुळे नमुने घेता आले नाहीत. सर म्हणाले, "मौखिक परीक्षेत फाडतील."

मौखिक परीक्षेला मी गेले होते, शेवटच्या बाकावर बसले. बाहेरगावाहून आलेले परीक्षक वयस्कर, शांत बोलणारे. त्यांनी बाकी सगळं बारकाईनं विचारलं. मॅडम फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत उत्तरं देत होत्या. मग त्यांनी तो तक्ता उघडला.

"बाई, हाच तर तुमच्या कामाचा मुख्य गट. पानथरी नाही आणि स्टिरॉइड दिलेलं. आणि शेवटच्या तुकडीत हाच रिकामा. असं कुठलं वैयक्तिक कारण होतं?"

मॅडम थांबल्या. हातातला खडू त्यांनी खाली ठेवला.

"सर, त्या दिवशी त्याच गटातला एक जण माझ्या घरी आजारी होता."

परीक्षकांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी चष्मा काढला.

"मग?" त्यांनी विचारलं.

"वाचला. बोटं गेली." मग घाईघाईनं, जणू कुणी चुकीचं लिहून घेईल, "पण एका केसवरून मी काही सिद्ध करत नाही, सर. म्हणून जागा रिकामी आहे."

परीक्षकांनी प्रबंध मिटला. पदवी मिळाली. स्टाफरूममध्ये पेढे वाटले तेव्हा मॅडम अर्धा पेढा खाऊन अर्धा कपाटावर ठेवून कुठेतरी निघून गेल्या होत्या.

त्या कुठे जायच्या ते मला हळूहळू कळलं. आधी दिलेली ओळख शरीर लक्षात ठेवतं का, हा त्यांचा प्रश्न उंदरांपुरता रिकामाच राहिला होता. पण माणसांत त्याचं उत्तर इतरांनी कधीच शोधलं होतं. पानथरी काढायच्या दोन-तीन आठवडे आधी लसी द्यायच्या, म्हणजे त्या अंगी लागतात. पुस्तकात होतं ते. पुस्तकातून कॅम्पात यायला वेळ लागत होता. मॅडम मग ऑपरेशन ठरलेल्या मुलांच्या घरांचा शोध घ्यायच्या. कोणी सांगितलं की निघाल्या. लोक वैतागायचे. काही ऐकायचे, काही दार लावायचे.

त्यानंतर मी सोनिवलीत नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेले, नोकरीही बदलली. आमचं भेटणं कमी झालं. शेवटचं पाहिलं ते अंबरनाथला, पूर्वेला, भर दुपारी. एका सर्जनच्या हॉस्पिटलसमोर रिक्षा सुटत होती आणि मॅडम रिक्षाचा दांडा धरून तिच्याबरोबर चालत होत्या. आत एक शेतकरी कुटुंबातला माणूस, शर्टाची बटणं वर-खाली लागलेली, मांडीवर सात-आठ वर्षांची मुलगी. मुलीचं पोट फ्रॉकमधून पुढे आलेलं.

"डॉक्टर स्वतः म्हणाले ना, आधी लस घेऊन ऑपरेशनला तीन आठवडे थांबायला हरकत नाही," मॅडम म्हणत होत्या.

"ताई, रजा घेतलीया मी. रक्त द्यायला मानसं गोला केल्यात. आज नको सांगता, उद्या पोरीला काय झाला तर तुमी येनार का?"

"येणार."

माणूस चिडून हसला. "तुमी डॉक्टर हाव का?"

"आहे. पण उंदरांची."

रिक्षावाल्यानंही मागे वळून पाहिलं. रिक्षा मंद झाली.

"उंदरांना पन सुई देता?" मुलीनं विचारलं.

"देते."

"रडतात?"

"नाही. चावतात." मॅडमनी अंगठ्याजवळचा व्रण तिला दाखवला. मुलीनं तो वाकून, नीट बघितला. मग बापाकडे पाहून म्हणाली, "मी चावनार नाय."

माणसानं पायाशी ठेवलेली कपड्यांची पिशवी उचलली, मुलीला कडेवर घेतलं आणि उतरला. मॅडमनी त्याच्या हातातून पिशवी काढूनच घेतली आणि रस्ता ओलांडायला लागल्या. दोन्हीकडून टेम्पो, रिक्षा, हातगाड्या. त्या एक हात वर करून मधून निघाल्या, मागे पोरीला सावरत तो माणूस जवळजवळ पळत.

मी फुटपाथवरून हाक मारली. गर्दीच्या आवाजात ती पोचली नाही. पुढच्याच वर्षी त्या आई आणि नरेशला घेऊन इंदूरला मावशीकडे राहायला गेल्या. तिथेही शिकवतात असं ऐकलं.

त्या दुपारी पलीकडच्या फुटपाथवर त्या एकदाच थांबल्या, ते दोघं पोचेपर्यंत. मग पिशवी दुसऱ्या हातात घेऊन पुढे निघाल्या, लसीच्या दवाखान्याकडे.